उत्तरमुखी घराचं ऊन

पहाटे साडेपाच

मेच्या मध्यात परभणीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि आठ वाजले की पाठ भाजायला लागते. प्लॉटवरचं काम असलं की मी उजाडतानाच स्कूटी काढते. आजचा प्लॉट वसमत रोडच्या बाजूचा, तीस बाय पन्नास, उत्तरमुखी. मालक सर आणि मॅडम दोघंही शिक्षक, आयुष्यभराची जमवाजमव घालून घर बांधताहेत. माझ्याकडे त्यांच्या घराचं थ्रीडी आहे. पायाही खोदलेला नसताना घर कसं दिसेल, हे दाखवायचं.

सोबत एक सळई, ओळंबा, सुतळी आणि थोडी फक्की. सळई जमिनीच्या वर बरोबर तीन फूट राहील अशी ओळंब्यात ठोकायची, सुतळीने साडेचार फुटांचं वर्तुळ आखायचं, त्यावर फक्की टाकायची आणि थांबायचं. शेजारच्या बांधकामावरचा वॉचमन दात घासता घासता विचारतो, “ताई, लाइनआउट करायलात का?” मी म्हणते, “नाही काका, उत्तर शोधायलेय.”

नकाशावर उत्तरेचा बाण असतोच, पण तो बहुतेक वेळा कागदाच्या वरच्या कडेकडे सरळ काढलेला असतो. जमीन मात्र कागदाप्रमाणे वागत नाही. लेआउटचे रस्ते जुन्या बांधांच्या आणि नाल्यांच्या कलाने जातात. मोबाईलमधलं होकायंत्र सळयांच्या ढिगाजवळ भरवशाचं राहत नाही, आणि शेजारी तर दोन टन लोखंड उतरवलंय. त्यामुळे कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी सांगितलेली शंकूची रीतच मला पक्की वाटते. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवेल तिथे एक खुंटी, दुपारनंतर तेच टोक पुन्हा वर्तुळाबाहेर पडताना दुसरी. दोन खुंट्यांमधली रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम.

आठ वीस

सावली आखडत आखडत फक्कीच्या कडेला आली. पहिली खुंटी ठोकली.

मधल्या वेळात फोटो काढून झाले. भेगाळलेली काळी माती, मुरमाचा ढीग, शेजारच्या भिंतीचा ओला गिलावा, आणि चारी दिशांचं आकाश कमीजास्त एक्स्पोजरवर. मेमधलं इथलं आकाश निळं फक्त डोक्यावर असतं. खाली उतरत गेलं की ते पांढुरकं होतं आणि क्षितिजाजवळ धुळीने मातकट. ज्याने मराठवाड्यात उन्हाळा काढलाय त्याला हे आकाश चित्रात ओळखता आलं पाहिजे. नेटवर फुकट मिळणारी आकाशं मी वापरून पाहिली आहेत. सुंदर असतात, पण त्यातली बरीच युरोपातली. पन्नास अंश अक्षांशावर जूनच्या भर दुपारीही सूर्य ६३ अंशांच्या आसपास थांबतो. आपल्याकडे मेमध्ये तेवढा तो साडेदहालाच चढलेला असतो. त्या तिरप्या, मवाळ उन्हात परभणीचं घर ठेवलं की घर देखणं दिसतं आणि खोटं दिसतं.

सव्वानऊ

ऑफिस म्हणजे जिंतूर रोडला एका दुकानावरची खोली. कूलरमध्ये पाणी, मशीन चालू, ग्राफिक्स कार्डाचा पंखा स्वच्छ. इंजिनिअर साहेबांनी पाठवलेल्या ऑटोकॅडच्या नकाशावरून मॉडेल कालच उभं झालंय: भिंती, स्लॅब, जिना, छज्जे, पॅरापेट. या भागाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, तो हिशेबाने होतो. सूर्य आणायला लागलं की माझं काम सुरू होतं.

दहा

मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. सूर्याच्या जागेसाठी त्याला चार गोष्टी लागतात: अक्षांश १९.२७ उत्तर, रेखांश ७६.७७ पूर्व, तारीख, आणि वेळ, तीही साडेपाच तासांच्या फरकासह. शेवटचा भाग लोक सैल सोडतात. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. परभणी त्याच्या पावणेसहा अंश पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी २३ मिनिटं मागे चालतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे पडणारा फरक मिसळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे सूर्य १२ वाजून ६-७ मिनिटांनी सर्वांत वर येतो, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:३७ होतात. आज १२:१९. अर्धा तास म्हणजे सूर्याचे साडेसात अंश, आणि तेवढ्यात सावली एका खिडकीवरून दुसरीवर जाते.

नवीन सॉफ्टवेअर हाती आलं की मी त्याला आधी कोल्हापूरला नेते. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो तो नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. मावळता सूर्य महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत येतो. या दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो आणि पश्चिमेपासून दक्षिणेकडे १८ अंशांवर मावळतो. सॉफ्टवेअरने दोन्ही तारखांना तोच कोन दिला, तर त्याच्या सूर्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. ज्यांनी हे देऊळ बांधलं त्यांनी हा हिशेब दगडात करून ठेवलाय.

जागा ठरली की उजेडाचा रंग. फक्त सूर्य ठेवला तर सावल्या कोळशासारख्या काळ्या पडतात, कारण खऱ्या सावलीत सगळं आकाश उजेड टाकत असतं. ते आकाश गणिताने काढण्याचा मोठा टप्पा म्हणजे जपानच्या तोमोयुकी निशितांचं १९९३ चं काम. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, धूळ सगळेच रंग सारखे विखुरते, हे धरून त्यांनी आकाश रंगवलं. १९९९ साली युटा विद्यापीठातल्या प्रीथम, शर्ली आणि स्मिट्स यांनी रोजच्या वापराचं सोपं सूत्र दिलं. स्वच्छ आकाशात ते चांगलं चालतं, गढूळ आकाशात डगमगतं. २०१२ मध्ये प्रागच्या होशेक आणि विल्की यांनी ते सुधारलं. त्यांच्या सूत्रात गढूळ हवाही आहे आणि जमिनीवरून परत आकाशात जाणारा उजेडही. धुळीच्या आकाशाखाली काम करणाऱ्या माझ्यासारखीला या दुरुस्तीचं मोल कळतं.

ब्लेंडरमध्ये २०२० साली निशितांच्या नावाचं आकाश आलं. त्यात हवा, धूळ आणि ओझोन यांचे वेगवेगळे आकडे देता येतात. सकाळच्या फोटोंशी ताडून मी धुळीचा आकडा वाढवत नेते, क्षितिज मातकट होईपर्यंत. पण आकाश निळंशार दाखवण्याचा मोह पडतोच. गिऱ्हाइकालाही तेच आवडतं. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर परभणीला तसं आकाश मिळतं, तर मग तारीखही तीच टाकावी. मेच्या तारखेवर ऑक्टोबरचं आकाश मी लावत नाही.

बारा एकोणीस

दुकानदाराची मुलं आणि मी गच्चीवर. पाइपाचा तुकडा उभा धरलाय आणि त्याची सावली त्याच्याच बुडाखाली गेली आहे. परभणीच्या अक्षांशावर १६-१७ मेच्या सुमारास सूर्य बरोबर माथ्यावर येतो. पुन्हा येतो तो २६-२७ जुलैच्या आसपास, पण तेव्हा बहुधा ढग असतात. खाली येऊन मॉडेलमध्ये एक दांडी उभी करून तीच वेळ टाकली. सावली नाही. सूर्य बरोबर बसलाय.

या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. २१ जूनला साधारण चार अंश उत्तरेला. “उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही” असं आपण धरून चालतो, ते वर्षातल्या निम्म्या काळापुरतं खरं आहे. जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या तेवढ्याच उत्तरेला मावळतो. म्हणजे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर ऊन असतंच. उलट डिसेंबरात तो पूर्वेच्या २५ अंश दक्षिणेला उगवतो, दुपारी ४७ अंशांपर्यंत चढतो, आणि उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते.

गावातल्या होर्डिंगवरची थ्रीडी पाहा. घर कुठल्याही तोंडाचं असो, डाव्या वरच्या कोपऱ्यातून सोनेरी ऊन आणि दर्शनी भागावर छज्ज्याची तिरपी सावली. उत्तरमुखी घरावर असं ऊन डिसेंबरात कधीच पडणार नाही. लोक त्या चित्राकडे बघून पोर्चचा रंग, काचेची खिडकी, झाडांची जागा ठरवतात आणि पैसे घालतात. म्हणून ही गोष्ट मला सजावटीची वाटत नाही.

एक

जेवायला बसले आणि लाइट गेली. दुपारी ती केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे मोठी रेंडर मी दिवसा लावतच नाही. इन्व्हर्टरवर मॉनिटर तेवढा चालतो.

अडीच

मटेरियल. चुन्याच्या ताज्या भिंतीवर पडलेल्या उजेडातला सत्तर-ऐंशी टक्के परत फिरतो. काळ्या मातीवरून जेमतेम दहा टक्के, आणि पाऊस पडून ती ओली झाली की त्याहूनही कमी. हा परत फिरलेला उजेडच घर जिवंत करतो. १९८६ साली जेम्स काजियांनी जे समीकरण मांडलं, त्यावर आज सगळं रेंडरिंग उभं आहे: कुठल्याही बिंदूचा उजेड म्हणजे त्याचा स्वतःचा आणि आजूबाजूच्या सगळ्या पृष्ठभागांवरून त्याच्यापर्यंत आलेला. मशीन कॅमेऱ्यातून किरण सोडतं, तो भिंतीवर आपटतो, तिथून फरशीवर, तिथून छताला, मग आकाशात. असे कोट्यवधी किरण.

सरांच्या पोर्चखाली मी आधी काळी माती ठेवली. छत मंद, थोडं निळसर दिसलं. मग तिथेच मुरूम पसरला. छताच्या खालच्या बाजूला तांबूस झाक आली, इतकी स्पष्ट की छताचा रंग बदललाय असं वाटावं. मग सिमेंटचे पेव्हर ब्लॉक टाकले, तर छत उजळलं पण उन्हाची तिरीप थेट हॉलमध्ये घुसली. तीनही चित्रं जपून ठेवली. पोर्चसमोर काय टाकायचं हे ठरवायला या तीन चित्रांचा उपयोग होईल.

सावलीच्या कडेचंही असंच. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाहून थोडा मोठा गोल आहे. त्यामुळे वीस फुटांवरच्या पॅरापेटची सावली जमिनीवर येईस्तोवर तिची कड सुमारे दोन इंच पसरते, तर खिडकीच्या गजाची सावली भिंतीजवळ सुरीसारखी कापलेली असते. सूर्याचा आकार योग्य दिला की हे आपोआप होतं. नाही दिला, तर घर कागदाचं वाटतं आणि का वाटतं ते कुणाला सांगता येत नाही.

हॉलचा आतला व्ह्यू अवघड जातो. बाहेर लाखभर लक्स ऊन, आत दोन-तीनशे. डोळा जुळवून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. खिडकीतलं अंगण नीट दिसावं म्हटलं की खोली गुहेसारखी, खोली दिसावी म्हटलं की खिडकी पांढरी फटक. ब्लेंडरच्या नव्या टोन मॅपिंगमुळे ही झेप बरीच सावरली जाते. तरी खिडकी थोडी उजळलेली सोडावी असं माझं मत. मेच्या दुपारी माळवदाच्या घरात बसून दाराबाहेर पाहिलं तर बाहेर असंच दिसतं. त्या जुन्या घरांत छतातल्या साण्यातून एकच झोत खाली यायचा आणि भिंती आपापसात तो वाटून घ्यायच्या. आपल्या हवेला तेवढा उजेड पुरतो. काचेच्या मोठ्या तावदानांची हौस करण्याआधी एवढं तरी लक्षात घ्यावं.

सव्वाचार

पुन्हा प्लॉटवर. ऊन अजून कडक आहे, वॉचमन काकांनी माठातलं पाणी दिलं. चार अठराला सावलीचं टोक वर्तुळाबाहेर पडलं. दुसरी खुंटी, दोन्हींमध्ये सुतळी, आणि प्लॉटच्या समोरच्या हद्दीशी कोन मोजला. घराचं तोंड सरळ उत्तरेला नाही. ते बारा अंश पूर्वेकडे वळलेलं आहे.

बारा अंश म्हणजे किरकोळ वाटतात. पण आज सकाळी आठ वीसला सूर्य पूर्वेच्या साधारण दहा अंश उत्तरेला होता. घर सरळ असतं, तर दर्शनी भिंतीला ते ऊन घासून गेलं असतं आणि गिलाव्यातला प्रत्येक उंचसखलपणा दाखवला असता. वळलेल्या घरावर मात्र तेच ऊन बावीस अंशांनी नीट पडतं. दुपारनंतर उलट: पावणेपाचच्या सुमारापर्यंत समोरच्या भिंतीला उन्हाचा स्पर्शही नाही. वर्षाचंही गणित बदलतं. या घराचं तोंड दिवाळीच्या सुमारास सावलीत जाईल ते फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बाहेर येईल.

पाच

सुतळी गुंडाळण्याआधी मी जिथे पश्चिमेची बेडरूम येणार आहे तिथे उभी राहते. सूर्य क्षितिजापासून चोवीस अंशांवर आणि पश्चिमेच्या तेरा अंश उत्तरेला. वळलेल्या घराच्या पश्चिम भिंतीला तो अगदी समोरून भिडणार. नकाशात त्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे. इतक्या खाली आलेल्या सूर्याला तो छज्जा फक्त फूटभर सावली देतो. चार फुटांच्या खिडकीतून उरलेल्या तीन फुटांचं ऊन थेट पलंगावर, बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दिवसात. दक्षिणेच्या खिडकीला हाच छज्जा छान काम करतो, कारण तिथे सूर्य उंचावरून येतो. पश्चिमेला उभ्या पट्ट्या, जाळी किंवा कडुनिंब हवा. मी तिन्ही प्रकार मॉडेलमध्ये घालणार.

पावणेसात

मावळती. प्रत्येकाला घराचा संध्याकाळचा व्ह्यू हवाच असतो: निळं आकाश, आत पिवळे दिवे. आपल्याकडे ती निळाई फार टिकत नाही. सूर्य तिरपा न जाता खोल उतरतो आणि वीस-बावीस मिनिटांत रस्त्यावरचे दिवे खरे वाटायला लागतात. आजचा व्ह्यू मी सात वाजून पाच मिनिटांचा धरला.

आठ

सर आणि मॅडम ऑफिसात आले. सरांनी दर्शनी चित्र पाहिलं आणि थोडे हिरमुसले. “ताई, समोरून ऊनच नाही दिसायलं. आमच्या भावकीतल्यांचं थ्रीडी कसं चमकायलंय.” मी दोन चित्रं शेजारी ठेवली, मेमधल्या सकाळी साडेआठचं आणि डिसेंबरमधल्या त्याच वेळेचं. दोन्हींच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहिलेली होती. मेचं चित्र चमकत होतं, डिसेंबरचं शांत, निळसर सावलीतलं. सर डिसेंबरच्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “इथं गडद रंग नको मग. थंडीत घर उदास दिसंल.” काल नक्की केलेला करडा रंग त्यांनी स्वतःच काढला.

बेडरूमच्या उन्हाचा पट्टा पाहून मॅडमनी एवढंच विचारलं, “इंजिनिअर साहेबांना हे दाखवलं का?” उद्या दाखवणार आहे. जाळीचा खर्च किती, ते तेच सांगतील.

जाता जाता मॅडम थांबल्या. “डिसेंबरचं अजून एक पाहिजे. मी वृंदावन समोरच्या अंगणात धरलंय, तिथं तुळशीला ऊन मिळतं का?”

साडेनऊ

त्या गेल्यावर मी तेच करत बसले. घर चोवीस फूट उंच, आणि २१ डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली उत्तरेकडे बावीस फूट पडते. पुढचं अंगण पंधरा फुटांचं, म्हणजे दुपारी पूर्ण सावलीत. नकाशातलं वृंदावन पायऱ्यांजवळ, भिंतीपासून सहा फुटांवर. तिथे सहा बावन्नला उगवलेलं ऊन दहाच्या आतच संपतं. तीन तास. वृंदावन कंपाउंडच्या पुढच्या पूर्व कोपऱ्यात सरकवलं, तर ऊन बारा वाजेपर्यंत राहतं.

पण पूर्वेचा प्लॉट आज मोकळा आहे, कायमचा राहणार नाही. मी तिथे त्याच उंचीचा एक करडा ठोकळा उभा केला. तुळशीचं सकाळचं बहुतेक ऊन गेलं, बाराच्या आधीचा तासभर तेवढा उरला. तिसरी जागा गच्ची, जिथे दिवसभर ऊन आहे. फक्त जिन्यावरच्या खोलीच्या पश्चिमेला वृंदावन नको, नाहीतर सकाळ तीच खाईल.

तिन्ही चित्रं मॅडमना व्हॉट्सअॅपवर पाठवली, शेजारच्या घरासह आणि घराशिवाय. दहा मिनिटांत उत्तर आलं: “गच्चीवर सासूबाईंना चढवणार नाही. कोपऱ्यात घ्या. मग गेट दोन फूट सरकवावं लागेल का ते बघून सांगा.”

गेट सरकवलं. गाडी वळते. आता लाइट टिकेल असं धरून २१ जून आणि २१ डिसेंबर, दोन्ही दिवस, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर अर्ध्या तासाला एक फ्रेम, असं रेंडर रात्रभरासाठी लावते.